अनसाबाईंनी न सांगितलेले वाक्य

अनसाबाई गेल्यानंतर आमच्या मंठ्यात त्यांच्याविषयी जे बोलले गेले, ते मी तीन ठिकाणी ऐकले आणि एका ठिकाणी वाचले. चारही ठिकाणी ते चुकीचे होते. गावातल्या एका साप्ताहिकाने त्यांना 'वीरमाता' म्हटले. ज्या आईचा मुलगा देशासाठी कामी आला, तिला वीरमाता म्हणतात. अनसाबाईंचा मुलगा ज्ञानोबा नौदलात पंधरा वर्षे नोकरी करून, निवृत्तिवेतन घेऊन, विशाखापट्टणमला सुखाने राहतो. आईच्या तेराव्याला तो आला होता आणि त्या साप्ताहिकाचा अंक त्याने माझ्याच ओसरीवर बसून वाचला. स्वतःच्या हौतात्म्याची बातमी वाचून झाल्यावर त्याने चहा मागितला. मी संपादकांना सविस्तर पत्र लिहिले. ते छापले गेले नाही. म्हणून हा खटाटोप.

मी तालुक्याच्या न्यायालयात पेशकार होतो. न्यायाधीशांपुढे कागद ठेवणे, पुकारा करवणे आणि साक्षीदाराला त्याची साक्ष वाचून दाखवणे हे माझे काम. साक्ष वाचताना एक शब्द गाळला तर माणूस तुरुंगात जाऊ शकतो, हे मी नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकलो आणि नंतर कधी विसरलो नाही. माझे दार आणि अनसाबाईंच्या पिठाच्या गिरणीचे दार यांच्यामध्ये बारा पावलांचा रस्ता आहे. पुढे जे लिहितो ते त्या बारा पावलांवरून पाहिलेले आहे. जे पाहिले नाही, ते पाहिले नाही असे सांगेन. एक कबुली मात्र आरंभीच देतो. या बाईंच्या बाबतीत जे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, त्याचाही अर्थ मला आजतागायत पुरता लागलेला नाही.

अनसाबाई म्हणजे अनुसया. ठेंगण्या, रुंद, आणि भुवयांवर कायम पीठ. नवरा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळला तेव्हापासून गिरणी त्यांनी एकटीने चालवली. जन्म गिरणीत काढलेल्या माणसाला दोन सवयी जडतात. एक ओरडून बोलण्याची; अनसाबाई देवळातसुद्धा ओरडून बोलत. दुसरी सवय ऐकण्याऐवजी पाहण्याची. पट्टा फिरत असला की गिऱ्हाईक काय बोलते ते ऐकू येणे शक्यच नसते, म्हणून त्या समोरच्याच्या ओठांकडे पाहत आणि 'जाडं', 'बारीक', 'घाई हाय' हे सगळे तिथून उचलत. एकदा मी माझ्या ओसरीवर पत्नीला अगदी हळू आवाजात म्हणालो, की यंदा यांच्याकडचे पीठ जाड येऊ लागले आहे. रस्त्यापलीकडून, चालू गिरणीतून, गर्जना आली:

"पेशकारभाऊ, ज्वारीच ओली व्हती तुमची!"

त्यानंतर आम्ही नवरा-बायको बोलायचे असले की पाठ रस्त्याकडे करून बसू लागलो.

शोकसभेत अध्यक्ष म्हणाले की अनसाबाईंनी नौसैनिकांच्या मातांसाठी मंडळ स्थापन केले. मंडळ नव्हते. पाटी, कार्यकारिणी, ठराव, काहीही नव्हते. घडले ते असे. ज्ञानोबा हा आमच्या भागातून नौदलात गेलेला पहिला मुलगा. पुढे हळूहळू आणखी मुले भरती होऊ लागली. ही कापूस-सोयाबीनच्या घरची मुले. समुद्र त्यांनी पाहिला नव्हता आणि त्यांच्या आयांनी तर नकाशातही पाहिला नव्हता. भरती झालेला मुलगा ओडिशातल्या प्रशिक्षण केंद्रात चारेक महिने राहतो. फोन तिथे जमा करून घेतात आणि रविवारी थोडा वेळ परत देतात. त्या थोड्या वेळासाठी आई आठवडाभर जीव मुठीत धरून बसते. अशा एका आईने एकदा दळण टाकता टाकता अनसाबाईंना विचारले, "मावशी, तुमचं पोरगं गेल्तं तव्हा तुम्ही काय केलं व्हतं?" त्या दिवसापासून दर रविवारी गिरणीतल्या पोत्यांवर दोन-चार आया फोन हातात धरून बसू लागल्या. जाफराबादेची एक बाई तर एसटी बदलत बदलत इतक्या लांब येई.

पहिला मोठा गोंधळ केसांवरून झाला. केंद्रात गेल्या गेल्या मुलांचे डोके भादरतात. आपल्याकडे तरण्या पोराचे डोके केव्हा भादरतात, हे मी सांगायला नको. द्वारका नावाच्या बाईने पहिल्या रविवारी फोनवर मुलाचा गुळगुळीत माथा पाहिला आणि गिरणीत असा हंबरडा फोडला की मी चष्मा न लावता धावलो. तिचा नवरा तिच्या शेजारीच उभा होता.

"अगं, मी हाय ना इथं!" तो बिचारा म्हणत होता. "मी जित्ता हाय!"

"मंग त्यानं डोकं कामून काढलं?"

"मला काय माहीत! मी न्हाई मेलो, एवढं मला बिलकुल माहीत हाय!"

तेव्हापासून अनसाबाईंनी एक रिवाज पाडला. मुलगा गेला की पहिल्या रविवारच्या आत त्याच्या आईला बोलवायचे, ज्ञानोबाचा प्रशिक्षणातला जुना फोटो तिच्या हातात द्यायचा आणि सांगायचे, "नीट बघून घे. असंच दिसन तुझं लेकरू. कोणी मेलेलं न्हाई. मोठ्यानं म्हण, कोणी मेलेलं न्हाई." आणि ती बाई मोठ्याने म्हणे. हे मी किमान आठ-दहा वेळा ऐकले आहे.

दुसरा रिवाज रडण्याचा. फोन चालू असताना रडायचे नाही, हा अनसाबाईंचा कायदा. मुलगा तिकडे परक्या मुलुखात, आईच्या डोळ्यांतले पाणी घेऊन त्याने कवायतीला जायचे का? पण फोन बंद झाला की त्या उठत, कोपऱ्यातल्या डब्यातून जुनी, पोरकिडा लागलेली ज्वारी दोन ओंजळी टाकत आणि गिरणी सुरू करीत. "हं. रड आता. कोणाला ऐकू येत न्हाई." गिरणी रिकामी फिरवली तर दगडाला दगड लागतो, म्हणून ती ज्वारी. ज्वारी संपेपर्यंत रडायला मोकळीक. पट्टा थांबला की डोळे पुसून घरी. ते पीठ शेजारच्या म्हशीला जाई. एका बाईने एकदा पट्टा थांबल्यावरही हुंदका दिला, तेव्हा अनसाबाईंनी कमरेवर हात ठेवून विचारले, "किती घेतीस गं? म्हैस आजारी पडन."

आता विहिरीचे प्रकरण. त्यावर सर्वांत जास्त खोटे पसरले आहे आणि विहीर माझी असल्याने मला गप्प राहता येत नाही. शोकसभेत एक वक्ता म्हणाला की अनसाबाईंनी पन्नास महिलांना पोहायला शिकवले. पन्नास नव्हे, तीन. आणि शिकवले असेही म्हणता येणार नाही.

झाले असे की द्वारकेच्या मुलाला पोहण्याच्या तलावात उंचावरून उडी मारायची होती आणि त्याचे पाय लटपटत होते. ज्योतिषाने लहानपणी 'पाण्यापासून जपा' असे सांगितल्यामुळे द्वारकेने त्याला कधी विहिरीकडे फिरकू दिले नव्हते. रविवारी तिने फोनवर त्याला बजावले, "बाबा, पाण्यात उतरू नको."

अनसाबाईंनी तिच्या हातातला फोन काढून घेतला. "नौदलात घातलंस अन् पाण्यात उतरू नको म्हणतीस? मंग तिकडं काय तूर पेरतंय का ते?"

पुढच्या आठवड्यात त्या तीन आयांना घेऊन माझ्या शेतावर आल्या. आमच्याकडे मुले पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतात. तसे तेलाचे तीन रिकामे डबे आणि एक सोल, म्हणजे विहिरीचा जाड दोर, त्यांनी आणले होते. मी हरकत घेतली. म्हणालो, उद्या काही बरेवाईट झाले तर पंचनामा माझ्या विहिरीचा होईल. त्या म्हणाल्या, "पोरगं पाण्यात अन् माय काठावरून शिकवून राह्यली, हे बराबर न्हाई, भाऊ. जरा नाकात जाऊ द्या त्यांच्या." मी पाठ करून बांधावर बसलो, त्यामुळे पुढचे मी पाहिलेले नाही, ऐकलेले आहे. दोन बाया दोराला धरून पायरीवर गळ्याइतक्या पाण्यात उभ्या राहिल्या. द्वारकेने 'राम राम' म्हणायला लागतो तितका वेळ दोर सोडला. अनसाबाई स्वतः सर्वांच्या आधी उतरल्या आणि सर्वांच्या आधी बाहेर आल्या. इतकेच. पण त्या रविवारी द्वारका मुलाला म्हणाली, "नाकात पाणी गेलं तर भेऊ नको. जातंच." मुलाने उडी मारली. ज्योतिषाशी ती आजही बोलत नाही.

आता मी त्या गोष्टीकडे येतो जिच्यामुळे हे लिहायला घेतले. सुमनची जाऊ ती वेगळ्या रीतीने सांगते, कापडवाले मोतीलालशेठ तिसऱ्या रीतीने सांगतात. प्रत्यक्ष हजर मी होतो.

सुमन ही जवळच्याच खेड्यातली. नवरा मंठा-परतूर रस्त्यावर जीप चालवतो. तिला एकच मुलगा, गजानन. तो भरती होऊन गेला आणि तिसऱ्या रविवारी सुमन गिरणीत बसली होती. मी माझे दळण न्यायला गेलो होतो. फोन लागला. तिकडे एका दालनात शंभरेक मुले एकाच वेळी आपापल्या घरच्यांशी ओरडून बोलत, त्यामुळे चित्र स्वच्छ आले तरी आवाजाचा नुसता कल्लोळ होई. अशा वेळी अनसाबाई दुभाष्याचे काम करीत. मुलाच्या ओठांकडे पाहायचे आणि आईला सांगायचे. यात त्यांची चूक झालेली मी ऐकली नव्हती. मुले सुट्टीवर आली की आया खातरजमा करून घेत आणि ते बोलणे जसेच्या तसे निघे.

गजाननचे तोंड हलत होते. एकच वाक्य तो पुन्हा पुन्हा म्हणत असावा, कारण ओठांची हालचाल तीच ती दिसत होती.

"मावशी, काय म्हणून राह्यलाय?" सुमनने विचारले.

मी अनसाबाईंकडे पाहत होतो. त्यांनी पदराने भुवयांवरचे पीठ पुसले. इतक्या वर्षांत कामाच्या वेळी ते पुसताना मी त्यांना पाहिले नव्हते. मग म्हणाल्या, "म्हणतोय, पाय दुखतेत. बूट चावून राह्यलेत. जेवण बरंय म्हणतोय."

सुमन खळखळून हसली. "लहानपणापासून नवीन बूट चावतो त्याला! खोबरेल लाव म्हणावं." आणि फोनकडे पाहून तिने पायाला तेल चोळल्याची खूण केली. तिकडे मुलाचे ओठ थांबले. तो काही वेळ आईच्या हसण्याकडे पाहत राहिला. वेळ संपली.

सुमन गेल्यावर अनसाबाईंनी गिरणी बंद केली, रविवारची भर गर्दीची वेळ असताना, आणि ज्ञानोबाला फोन लावला. ज्ञानोबाला त्या सहसा फोन करीत नसत; सणावाराला त्याचा येई तेवढाच. बोलणे अर्थातच सगळ्या गल्लीने ऐकले.

"ज्ञानोबा, तुला तिकडं जावं लागन. शाळेवर तुझ्या." प्रशिक्षण केंद्राला त्या शाळा म्हणत. "कामून म्हणजे? माय सांगती म्हणून. गजानन नाव हाय. परतूरकडचा. न्हाई, त्याच्या मायला सांगितलेलं न्हाई. सांगणार न्हाई. तू जा."

विशाखापट्टणमहून तिथे रेल्वेने काही तासांत पोचता येते. पुढच्या रविवारी ज्ञानोबा गेला. निवृत्त नौसैनिक म्हणून त्याला मुलाशी थोडा वेळ बोलू दिले. काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही, अनसाबाईंनाही ठाऊक नव्हते. त्यांनी विचारले तेव्हा ज्ञानोबा म्हणाला होता, "माय, ते त्याचं अन् माझं हाय." त्यानंतरच्या रविवारी गजाननचा चेहरा निवळलेला होता. प्रशिक्षण पुरे झाले. सुमन परतूरहून रेल्वेने समारंभाला गेली, पांढऱ्या गणवेशातला मुलगा पाहून आली आणि पहिला पेढा तिने गिरणीत येऊन अनसाबाईंच्या तोंडात घातला.

मग मुलगा सुट्टीवर आला.

सुट्टी संपवून तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सुमन आली. गिरणी चालू होती. ती दारातून काही बोलली. मला माझ्या ओसरीवर ऐकू आले नाही, पण अनसाबाईंनी ते पाहिले आणि पट्टा थांबवला. नंतरचे सर्व मी ऐकले आहे.

"गजानन म्हणला, माय, तिसऱ्या रविवारी मी तुला सांगून राह्यलतो. मला घेऊन जा, माय, मला इथं न्हाई राहायचं. अन् तू हसली." सुमनचा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळेच ते ऐकवत नव्हते. "मी हसले, मावशी. त्याच्या तोंडावर हसले. ते लेकरू घेऊन जा म्हणतंय अन् मी त्याला तेल चोळायच्या खुणा करून राह्यले. तुम्हाला दिसलं व्हतं?"

"व्हय. दिसलं व्हतं."

"मंग?"

"तू काय केलं असतं?"

"गेले असते. रांगत गेले असते!"

"अन् घरी आणलं असतं त्याला?"

"आणलं असतं, न्हाई तर न्हाई आणलं असतं! ते माझं मी पाह्यलं असतं. ते लेकरू माझं हाय. ते मला बोललं व्हतं, तुम्हाला न्हाई. तुम्ही मधी कोण?"

सुमनची जाऊ सांगत फिरते की अनसाबाईंनी साफ नाकारले आणि वर सुमनलाच शिव्या दिल्या. हे असत्य आहे. त्या तीनच गोष्टी बोलल्या, ज्या वर लिहिल्या आहेत, आणि मग खाली मान घालून उभ्या राहिल्या. नाकारणे सोडाच, ज्ञानोबाला पाठवले होते हेसुद्धा त्यांनी सांगितले नाही. मी पलीकडून ते सांगायला तोंड उघडले, तर त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले, आणि मी उघडलेले तोंड मिटले.

पुढच्या रविवारी पोती निम्मी रिकामी होती. एका आईने धीर करून विचारले, "मावशी, आमच्या पोरांचंबी असंच सांगितलं का तुम्ही?" त्या म्हणाल्या, "न्हाई." पण तो 'न्हाई' आता कोण मानणार? साक्षीदार एकदा खोटे बोलला की त्याची बाकीची साक्षही डळमळते, हे मला कोणी समजावायला नको. जाफराबादेच्या बाईने येणे सोडले. उरलेल्या आयाही फोनचा कल्लोळ स्वतःच कान देऊन ऐकू लागल्या आणि काही न कळता उठून जाऊ लागल्या.

त्या संध्याकाळी मी रस्ता ओलांडून गेलो आणि त्यांना स्पष्ट सांगितले, "अनसाबाई, तुमचे चुकले. मुलगा जे बोलला ते जसेच्या तसे सांगायला हवे होते."

त्या गिरणीच्या गुळगुळीत झालेल्या दगडाला छिन्नीने टाकी लावीत बसल्या होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं व्हतं की मला, जसंच्या तसं."

मला आठवेना. त्यांनी आठवण दिली. ज्ञानोबा प्रशिक्षणाला होता तेव्हा त्याची अंतर्देशीय पत्रे यायची. अनसाबाईंना अक्षरओळख नव्हती, पत्रे मी वाचून दाखवत असे. एका पत्रात त्याने लिहिले होते: माय, माझे मन इथे लागत नाही, मला घेऊन जा. मी ते खणखणीत वाचले होते. त्यांनी पुन्हा वाचायला लावले. मी पुन्हा वाचले. घरी नवरा अंथरुणावर, ओडिशा कोणत्या दिशेला आहे हे ठाऊक नाही, बरोबर यायला कोणी नाही. त्या गेल्या नाहीत. उत्तरात त्यांनी मला सांगितले, "लिहा, इकडं सगळं ठीक हाय, तू राह्य." मी तेही जसेच्या तसे लिहिले होते.

"चार महिने मी झोपले न्हाई, भाऊ," त्या म्हणाल्या. "डोळा लागला की ती ओळ. ती ओळ तुम्ही वाचली नसती तर चाललं असतं."

"जे लिहिले आहे ते वाचणे हे माझे काम होते," मी म्हणालो.

"तुमचं काम झालं," अनसाबाई म्हणाल्या. "मंग माझं काय झालं?"

मी रस्ता ओलांडून परत आलो. गेले कित्येक महिने मी हा प्रश्न उलटसुलट करून पाहतो आहे. मी वाचले म्हणून एक आई चार महिने जागी राहिली. त्यांनी वाचले नाही म्हणून दुसरी आई मुलाच्या तोंडावर हसली आणि ते हसू तिला जन्मभर पुरणार आहे. मी बरोबर असेन तर त्या चूक, आणि त्या बरोबर असतील तर मी चूक, असा सरळ निकाल लागायला हवा. तो लागत नाही. दोघेही चूक असू, असेही कधी वाटते. आणि मग, तिसरे काय करता आले असते, हे कोणी मला सांगत नाही.

मोतीलालशेठ म्हणतात, यात कोडे कसले? आई न्यायला आली नाही म्हणून ज्ञानोबा रुसला, परमुलखात राहिला, आणि त्या दुःखापायी बाई दुसऱ्यांच्या पोरांत जीव गुंतवत होती. शेठजींची दुकानदारी चोख आहे, पण हा माल मला पटत नाही. तेराव्याच्या दिवशी मी ज्ञानोबाला स्वतः विचारले, "ते पत्र, घेऊन जा असे लिहिलेले. त्याचे उत्तर वाचून तुला काय वाटले होते?"

"कोणतं पत्र, काका?" ज्ञानोबाने विचारले.

मी मजकूर सांगितला. त्याने आठवून पाहिले. प्रामाणिकपणे पाहिले, असे मला वाटते. मग मान हलवली. "लिहिलं असन. सगळीच पोरं लिहितेत. महिनाभरात विसरतेत बी." तो विशाखापट्टणमला राहिला कारण त्याची बायको तिथली, मुलांच्या शाळा तिथल्या. म्हणजे जी ओळ अनसाबाईंनी वीस-बावीस वर्षे उराशी बाळगली, ती लिहिणाऱ्याला ठाऊकच नव्हती. की ठाऊक असून तो आईच्या तेराव्याला मला तसे सांगत होता? मी माणसाच्या तोंडावरून खरे-खोटे ओळखतो असा माझा लौकिक आहे. त्या दिवशी तो कामी आला नाही.

अनसाबाई आजारी पडण्याच्या थोडे आधीची गोष्ट. सुमन तीन महिने गिरणीची पायरी चढली नव्हती. एका रविवारी ती आली. गजानन आता जहाजावर होता, जहाज बंदराला लागले होते आणि त्याचा फोन आला होता. पण तिकडे वारा इतका की आवाजाऐवजी नुसती फडफड. सुमन धावतच आली असावी, दम लागला होता. तिने काही न बोलता फोन अनसाबाईंच्या तोंडासमोर धरला.

"सांगा. जसंच्या तसं सांगा."

अनसाबाईंनी मान वळवली. "मला आता बारीक दिसत न्हाई, बाई."

त्याच सकाळी त्यांनी माझ्या गव्हातले खडे ओसरीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसून वेचून दिले होते. मी ते बोललो नाही.

"मंग मी काय करू?" सुमन रडकुंडीला आली. "फोन तुटन, मावशी!"

अनसाबाईंनी तिचा दंड धरून तिला पोत्यावर बसवले, फोन तिच्या हातात सरळ करून दिला आणि स्वतः शेजारी टेकल्या. "तूच बघ. कानाचं सोड. त्याच्या तोंडाकडं बघ. लहान व्हता तव्हा बोलता येत नव्हतं, तव्हा कसं कळत व्हतं? तसं बघ."

सुमन पाहू लागली. हळूहळू तिचे स्वतःचे ओठ हलू लागले, आधी आवाजाशिवाय.

"म्हणतोय... जेवलो," ती म्हणाली. "म्हणतोय, मासे देतेत, मला न्हाई आवडत. म्हणतोय... तू बारीक दिसून राह्यली, माय." पुढचे तिने फार हळू सांगितले. "म्हणतोय, बरंय इथं." आणि नजर फोनवरून न काढता तिने विचारले, "बराबर हाय का, मावशी?"

"बराबर," अनसाबाई म्हणाल्या. "अगदी बराबर."

मी समोर उभा होतो, हातात दळणाचा रिकामा डबा. अनसाबाईंना मी हिंडत्या-फिरत्या पाहिले ते तेव्हा शेवटचे. नंतर पाहिले ते खाटेवर. मी शपथेवर सांगतो की हे सगळे चालू असताना अनसाबाईंची नजर फोनकडे नव्हती. सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्या सुमनच्या तोंडाकडे पाहत होत्या.